धर म्हटल्यावर

दोष खुर्च्यांचा होता. माझा मामा कर्जतला एका छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याचं म्हणणं असं, की पत्रकाच्या पहिल्या ओळीतच दोष कोणाचा ते सांगून टाकावं, कारण वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत टिकेलच असं नाही. मी त्याने जुळवलेली पत्रकं वाचत मोठा झालो. म्हणून आधी सांगितलं. आता कोणत्या खुर्च्या ते सांगतो.

लढाईची वर्षं होती. माथेरानच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना चाकांचे बूट घालून फिरता यावं म्हणून लाकडी जमिनीचा एक लांबलचक हॉल बांधलेला होता. पाहुण्यांच्या पायांत बूट चढवायला, पट्टे आवळायला आणि ते पडले की उचलायला आमच्या खालच्या गावांतले तरुण ठेवत. पाहुणे जेवायला गेले की हेच तरुण ते बूट घालून हॉलभर फिरत. सकाळ-संध्याकाळ लाल मातीच्या उतारांवर हातरिक्षा ओढणाऱ्यांना गुळगुळीत फळ्यांची कसली भीती? थोड्याच दिवसांत ते पाहुण्यांपेक्षा चांगले फिरू लागले. माझा थोरला भाऊ त्यांच्यात सगळ्यांत चपळ होता. मी त्याला दादा म्हणतो.

एका हंगामात कॅनडातला एक वैमानिक सुट्टीवर येऊन राहिला. त्याच्या देशात हिवाळ्यात तळी गोठतात, लोक पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळतात, आणि चेंडूऐवजी एक चपटी चकती असते. ती खेळणारे पगारी लोक असतात आणि त्यांना बघायला गावंच्या गावं लोटतात, असंही तो सांगायचा. त्याने दादाला आणि त्याच्या सोबत्यांना तो खेळ चाकांवर शिकवला. नेरळच्या सुताराने काठ्या करून दिल्या, शिसवीच्या तुकड्याची चकती केली. वैमानिक भला माणूस होता. घरची आठवण येते म्हणून खेळायचा, पोरांच्या बरोबरीने पडायचा आणि पडल्या पडल्या हसायचा. सुट्टी संपली तसा तो गेला. खेळ मागे राहिला आणि हॉटेलच्या मॅनेजरच्या हाती लागला.

मॅनेजरने दर शनिवारी चहाच्या वेळी सामने लावले. तिकीट ठेवलं, खेळणाऱ्यांना पैसे ठरवले. मी शाळेत इंग्रजी शिकलेला, म्हणून माझ्या हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि कोणी गोल केला ते दोन्ही भाषांत ओरडायला मला उभं केलं.

पहिले दोन-तीन शनिवार हॉल भरला. मग खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. जे येत त्यांतले निम्मे वर्तमानपत्र उघडून बसत. मुंबईच्या एका शेटजींना तर सामना चालू असताना झोप लागायची आणि त्यांचं घोरणं माझ्या भोंग्यापर्यंत पोचायचं.

मॅनेजरने मला विचारलं, "काय पत्रकवाले, लोकांना मजा का येत नाही?"

मामाच्या छापखान्यावरून तो मला पत्रकवाले म्हणायचा. त्यात चेष्टा होती. पण प्रश्न खरा होता, म्हणून मी खरं उत्तर दिलं. मी म्हटलं, "साहेब, लोकांना खेळ दिसतच नाही. काळी चकती काळपट फळ्यांवर पळते. पुढच्या रांगेलाच ती सापडत नाही, मागच्यांना काय दिसणार? तिला लाल रंग द्या. मागच्या खुर्च्या फळकुटांवर चढवून उंच करा. गोलाची चौकट एवढी अरुंद आहे की गोल राखणारा नुसता उभा राहिला तरी ती भरते. ती हातभर रुंद करा. माणसं दमली की बदला, दमलेला माणूस नुसता रांगतो. आणि खेळाआधी नियम काय ते मला भोंग्यातून सांगू द्या. ज्याला नियम कळत नाही त्याला रंग कसा चढेल?"

तो ऐकत होता. म्हणजे मला तसं वाटलं.

"हे सगळं सुतारकाम झालं," तो म्हणाला. "खरी गोष्ट वेगळीच आहे. तुमचे लोक थांबतात."

ते मात्र खरं होतं. आमचे लोक थांबायचे. का थांबायचे, ते माथेरानच्या उतारावर कधी रिक्षा ओढली नसेल त्याला सांगावं लागेल. रिक्षेला एक जण पुढे दांड्यांत असतो आणि दोघे मागून रेटतात. चढाला मागच्यांचा जीव जातो, उताराला पुढच्याचा. खडी निसटली आणि पुढच्याचा पाय घसरला, तर रिक्षा, आतला पाहुणा आणि सामान सगळं त्याच्या पाठीवर येतं. एका बाजूला दरी. म्हणून टेकडीवर एक रीत आहे, कोणी कधी शिकवत नाही अशी. ओरड आली, "धर!", की ऐकेल त्याने आपल्या रिक्षेच्या चाकाखाली दगड सारायचा आणि पळत सुटायचं. कोणाची रिक्षा, कोणत्या गावचा, काल ज्याच्याशी भांडलो तोच का, हे काही विचारायचं नाही. आपला पाहुणा खोळंबून शिव्या देत असला तरी देऊ द्यायच्या. आधी धरायचं.

हीच रीत पायांबरोबर हॉलमध्ये आली. खेळताना कोणी पडला की कोणाच्या तरी तोंडून "धर" निघायचंच, आणि दोन्ही बाजूंचे सगळे जागच्या जागी थांबायचे. ज्याच्यासमोर गोल मोकळा असेल तोसुद्धा वळून यायचा, पडलेल्याला बखोटीला धरून उभा करायचा, पट्टा सुटला असेल तर बसून बांधून द्यायचा. मग कोणीतरी विचारायचं, "चकती कुठं हाय रं?" आणि सगळे ती शोधायला लागायचे. वैमानिक हे बघून पोट धरून हसायचा. मॅनेजरला हसू येत नव्हतं.

"गाडी निघाली की ब्रेक," तो म्हणाला. "बघायला कोण येईल?"

सुतारकाम त्याने करून घेतलं नाही. चकती काळी ती काळीच राहिली. तिला रंगाचं एक बोट लागलं असतं. त्याऐवजी त्याने माणसांवर काम सुरू केलं.

पहिल्यांदा त्याने नावं दिली. तोवर डावे आणि उजवे एवढंच होतं. आता एका बाजूला कर्जत, दुसऱ्या बाजूला खालापूर. दादा कर्जतचा मुख्य. खालापूरचा मुख्य होता वहिनीचा सख्खा भाऊ, साजगावच्या बाजूचा, दादाचा मेहुणा. तो दादाला दाजी म्हणायचा आणि दोघे हॉटेलच्या एकाच स्टँडवर शेजारी शेजारी रिक्षा लावायचे. मग मॅनेजरने मला म्हटलं, हस्तपत्रक लिहून दे, दोन तालुक्यांच्या वैराचं. मी म्हटलं, वैर नाही. तो म्हणाला, लिहिलं की होतं. मी लिहिलं नाही. त्याने मुंबईहून छापून आणलं आणि स्टेशनच्या कुडापर्यंत सगळीकडे चिकटवलं.

स्टँडवर दुपारी सावलीत बसून आमच्या लोकांनी ते वाचलं. वाचून दाखवायला मीच.

"पिढ्यानपिढ्यांचे हाडवैरी आमनेसामने," मी वाचलं.

"कोण हाडवैरी?" मेहुण्याने विचारलं.

"तुम्ही दोघं."

"आरं तिच्या. मंग दाजी आमच्याकडं लग्नात जेवले ते?"

"वैरानंच जेवलो," दादा म्हणाला. "पंगतीत बघितलं नाय का, कसा तुटून पडलो ते."

"तरीच मी म्हटलं, बुंदी कुठं गेली."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. छापलेल्या शब्दाचं काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. लोक आधी त्याला हसतात. मग तो भिंतीवर राहतो आणि हसणं विरून जातं.

तसंच झालं. खुर्च्यांतून "कर्जत! कर्जत!" असं ओरडणं सुरू झालं. ओरडणाऱ्यांत कर्जतचा एकही माणूस नव्हता. ते मुंबईचे व्यापारी, सुट्टीवरचे शिपाई आणि त्यांच्या बायका. मग मॅनेजरने जिंकणाऱ्या बाजूलाच पैसे द्यायला सुरुवात केली. मग काठी खांद्याच्या वर न्यायची नाही हा वैमानिकाने घातलेला नियम काढून टाकला. एका शनिवारी एकाची भुवई फुटली आणि पुढच्या शनिवारी तिकिटं आधीच संपली. खुर्च्यांना काय हवं ते मॅनेजरला कळलं. मीही पाहत होतो. भुवई फुटली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात घेतला होता, आणि बोटांच्या फटीतून ती बघत होती.

तरीही "धर" म्हटलं की लोक थांबत. थोडे उशिरा, पण थांबत.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी मॅनेजरने सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि सांगितलं, "उद्या कप आहे. मुंबईहून मोठी माणसं येणार आहेत. धर म्हटल्यावर जो थांबेल, त्याची रिक्षा पुढच्या हंगामापासून आपल्या स्टँडवर लागणार नाही."

एवढंच बोलून तो गेला. हॉटेलचा स्टँड म्हणजे काय, ते त्या माणसांनाच माहीत. तिथे पाहुणा दारात मिळतो. तो स्टँड गेला की स्टेशनावर दिवसदिवस ताटकळायचं, रांगेत पन्नास रिक्षा पुढे. पावसाआधी हातात जे पडेल त्यावर घर चार महिने चालतं.

परतताना मी दादाला विचारलं, "काय करणार?"

"खेळणार."

"कोणी पडला तर?"

तो म्हणाला, "सपाट जमीन हाय ती. उतार हाय का? पडला तर कोण मरतंय?"

मेहुणा मागून येत होता. त्याने ऐकलं. "दाजी, तुमी माझी काळजी नका करू. मी पडतच नाय. तुमचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढून उभे होते, कारण खाली बसून काही दिसत नव्हतंच. खेळ अटीतटीचा झाला. दोन्हीकडे सारखे गोल. मी भोंग्यातून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. कोणी पडला की सगळे एक क्षण मान वळवायचे, मग मॅनेजरकडे बघायचे, मग पुढे जायचे. तोंडातून "धर" कोणी काढत नव्हतं. त्या हॉलमध्ये तो शब्द पहिल्यांदाच ऐकू येईनासा झाला आणि मला भोंगा हातात जड वाटायला लागला.

शेवटी शेवटी दादाला चकती मिळाली. तो मधून सुटला. त्याच्या आणि गोल राखणाऱ्याच्या मध्ये एकटा मेहुणा उरला. मेहुणा आडवा यायला वळला आणि त्याच्या डाव्या बुटाचा पट्टा तुटला. बूट फिरला, पाय फिरला आणि तो तोंडावर पडला, दोन्ही हात पुढे पसरून. पडता पडता त्याच्याच तोंडून निघालं, "धर!"

मी भोंगा तोंडाला लावला आणि त्यातून ओरडलो, "धर!" सगळा हॉल दणाणला. मागच्यांची पावलं अडखळली. दादाने मान वळवली, मेहुण्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं आहे, म्हणून कोणी मला सांगू नये की त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याने मान पुढे केली आणि चकती मारली. तो थांबला नाही म्हणून त्याच्या मागचाही थांबला नाही, आणि त्या मागच्याच्या बुटाची लोखंडी चाकं मेहुण्याच्या उजव्या हातावरून गेली.

गोल झाला. खुर्च्या उठल्या. पहिल्यांदा सगळ्याच्या सगळ्या उठल्या. टोप्या उडाल्या, शिपायांनी शिट्या घातल्या, शेटजी जागे होऊन टाळ्या पिटत होते. माझ्या शेजारी उभा राहून मॅनेजर हळूच म्हणाला, "आता म्हण. गोल म्हण."

मी म्हटलं नाही. त्याने माझ्या हातातला भोंगा ओढून घेतला आणि स्वतः म्हटलं. मी फळ्यांवर उतरलो. मेहुणा बसून होता, हात पोटाशी धरून. त्याच्याभोवती खालापूरचे लोक होते. कर्जतचे लांब, कपाजवळ. मी त्याच दिवशी ती नोकरी सोडली.

हाडवैद्याने हात बांधला. दोन बोटं मात्र वाकडी राहायची ती राहिली.

दादा कप घेऊन घरी आला. वहिनी चुलीपुढे होती. तिला बातमी आधीच पोचली होती. ती न वळताच म्हणाली, "माझ्या भावाचा हात पण गोलात गेला का वं?"

तिने कप उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि बाहेर अंगणात नेऊन कोंबड्यांना त्यात पाणी ठेवलं. तो अजून तिथेच आहे.

हंगाम संपायला थोडे दिवस उरले होते. मी दादाच्या रिक्षेला मागून हात लावायला जाऊ लागलो. एके सकाळी एक जाड गृहस्थ आणि त्यांच्या दोन ट्रंका घेऊन आम्ही उतारावर होतो. वळणावर दादाच्या टाचेखालची खडी सरकली. तो गुडघ्यावर आला, दांड्या त्याच्या खांद्यांवर दाबल्या गेल्या, आणि मागून आम्हा दोघांना ते वजन आवरेना. दादा ओरडला, "धर!"

वळणाच्या कठड्यावर खालापूरची माणसं बसली होती, विड्या ओढत. हाक येताच ती उठली. आणि मग त्यांनी बघितलं, कोण ते. तोंडातली विडी काढायला लागतो तेवढाच वेळ. मग ती धावत आली, दांड्या धरल्या, चाकाखाली दगड लावला, दादाला उभं केलं. काही वाईट झालं नाही. गृहस्थांची टोपी पडली तेवढीच.

एरवी अशा वेळी टोमणा यायचाच. बायको जेवाय घालत नाय का रं, सासऱ्यानं पायांत वाळा घातलाय का रं. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. ती माणसं परत जाऊन कठड्यावर बसली.

खाली स्टेशनवर पोचल्यावर दादा गुडघ्याची माती पुसत म्हणाला, "बघितलं रं त्यांनी. आधी बघितलं."

मी मॅनेजरवर चिडलो होतो, खुर्च्यांवर चिडलो होतो, आणि खरं सांगायचं तर दादावरही. त्या वाक्यानंतर दादावरचा राग मला पुढे नेता आला नाही. बाकीचा आहे तसा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाळगलेली रीत त्या खुर्च्यांतल्या लोकांनी चहा पिता पिता मोडून घेतली, आणि का, तर चकतीला लाल रंग द्यायचं कोणाला सुचलं नाही म्हणून. सुचवलं होतं, ऐकलं नाही म्हणून.

पावसाळ्यात टेकडी बंद होते आणि सगळे आपापल्या भातात जातात. आमची लावणी उरकली तसा दादा कोणाला न सांगता साजगावकडे गेला. मेहुण्याच्या शेतात उतरून त्याने रोपं लावायला सुरुवात केली. मेहुणा बांधावर बसून होता, हातावर पट्टी. दुपारपर्यंत दोघांत शब्द नाही. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, रांग वाकडी चाललीय. हितं पण चकती दिसते का काय?"

दादा चिखलात उभ्या उभ्या हसला, असं वहिनीने मला सांगितलं. तिला कोणी सांगितलं ते माहीत नाही.

दसऱ्यानंतर टेकडी उघडली. मॅनेजरचा पट्टेवाला दादाकडे आला, खेळायला बोलवायला. दादाने सांगितलं, "येतो. मेवणा पण येल. पण पडला की थांबायचं, हे साहेबानं भोंग्यातून सांगायचं."

पट्टेवाला उत्तर घेऊन आला. साहेब म्हणतात, मग तो खेळच नव्हे.

दादा गेला नाही. मेहुणा गेला नाही. त्यांच्याबरोबर दोन्ही बाजूंचे बरेच जण गेले नाहीत. हॉटेलच्या स्टँडवरून त्यांच्या रिक्षा काढल्या गेल्या. आता त्या स्टेशनच्या रांगेत लागतात, कर्जतच्या आणि खालापूरच्या एकमेकींत मिसळून, आणि पाहुणा मिळेपर्यंत माणसं उन्हात बसून राहतात. मी लाल चकतीबद्दल, रुंद चौकटीबद्दल आणि खुर्च्यांबद्दल एक पत्रक लिहिलं. मामाने ते छापलं. स्टेशनच्या कुडावर, त्या हाडवैऱ्यांच्या पत्रकाच्या वर, मी ते चिकटवलं. काहींनी वाचलं.

मॅनेजरला खेळणारे मिळाले. दुसऱ्या तालुक्यांतले, टेकडीवर नवे, धर म्हणजे काय ते माहीत नसलेले. शनिवारी हॉल भरतो. चहाच्या वेळी वारा इकडचा असला की टाळ्या आणि शिट्या पार स्टेशनच्या रांगेपर्यंत ऐकू येतात. तेव्हा रांगेतले सगळे मान वर करतात, आणि दादा म्हणतो, "पडला वाटतं कोणतरी."